दुधखोरीची वरची वाट

वच्छलाबाईने भावाकडे उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तिला दुधखोरीची गुहा पाहायची होती.

परतवाड्याच्या पुढे, मेळघाटचे डोंगर जिथे सुरू होतात, तिथे चुनखडीच्या एका टेकडीच्या पोटात ही गुहा होती. वच्छलाबाईच्या आईचं माहेर त्याच बाजूचं. लहानपणी आई आपल्या बापाचं बोट धरून आत जाऊन आली होती. पुढे लग्न होऊन ती अकोटच्या पार दक्षिणेला बोरखेडला आली. तिथे चहूकडे सपाट काळी माती, नजर पोचेल तिथवर एक टेकाड नाही. जात्यावर बसली की ती लेकीला गुहेचं सांगायची.

"आपून म्हनतो, दगडाले पाझर फुटत नाई. तिथं फुटते. मी माह्या डोयानं पाह्यलं."

"मले दाखवशीन?" वच्छला विचारायची.

"दाखवीन ना. आपून दोघी जाऊ."

ते काही झालं नाही. वच्छलेचं लग्न झालं, नवरा पटकीत गेला आणि कळत्या वयाची होण्याआधीच ती माहेरी परत आली. त्याच साली आईने मुलाला जन्म दिला आणि बाळंतपणातून ती उठलीच नाही. मुलाचं नाव महादेव. त्याला वच्छलेने शेळीच्या दुधावर जगवलं. महादेवला मिसरूड फुटायच्या आत बापही गेला, तेव्हा तिने पदर खोचून शेती सांभाळली, औतामागे चालली, गड्यांशी भांडली. महादेव हाताशी आल्यावर तिनेच मुलगी पाहून त्याचं लग्न करून दिलं. घरात आलेली सून माणिकबाई कमी बोलायची आणि कामाला वाघ होती. दोघी नणंदा-भावजया सारख्या एकमेकींजवळ असत. घरात सगळे वच्छलेला 'बाई' म्हणत. महादेवही बाईच म्हणायचा, पण त्याच्या तोंडून तो शब्द 'आई'च्या जवळ यायचा.

मग कापसाचा तो जमाना आला. दूर अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला कधी नव्हे असा भाव चढला. मुंबईचे दलाल वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून फिरू लागले. कालपर्यंत अनवाणी हिंडणारे कास्तकार बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंट्या बांधू लागले. महादेवने ज्वारीचं रान मोडून पऱ्हाटी पेरली. मग इतरांचा कापूस विकत घेऊ लागला. अमरावतीच्या ओमप्रकाश नावाच्या मारवाडी व्यापाऱ्याशी त्याची भागी झाली, आणि महादेवचा महादेवराव झाला.

विहिरीजवळच्या एका वावरात मात्र बाईने कापूस पेरू दिला नाही.

"ज्वारी राहू दे तिथं," ती म्हणाली. "रुई शिजवून खाता येत नाई."

महादेवराव हसला, पण तिच्या शब्दाबाहेर गेला नाही. त्याच पावसाळ्यात ती विहिरीच्या चिखलात घसरून पडली आणि तिचं कंबरेचं हाड दुखावलं. सपाटीवर काठी घेऊन ती चालायची, पण उकिडवं बसणं, चढणं-उतरणं तिला जमेना. शेतावर जाणं संपलं. ती माणिकबाईसोबत ओसरीत बसून घरच्यापुरती रुई रेच्यावर काढायची. लाकडी लाटांमधून रुई पलीकडे जायची, सरकी अलीकडे गळायची. तिथेच एक दिवस ती महादेवरावाला म्हणाली,

"महादू, माह्यासाठी एक कर. मले दुधखोरी दाखव. मायचं राहून गेलं, माहं राहू नोको."

"एवढंच ना? वेचनी होऊ दे, बाई. जाऊ."

वेचणी झाली, तेव्हा कापसाच्या गाठी मुंबईला धाडायची घाई होती. गाठी गेल्या, तेव्हा पेरणी आली. बाई आठवण द्यायची नाही. दिवाळी झाली की फक्त एकदा विचारायची, "औंदा जमन का रे?" आणि महादेवराव म्हणायचा, "जमन ना, काऊन नाई जमनार."

जमलं ते तिसऱ्या साली, फाल्गुनात. तेही गुहेसाठी नव्हे. डोंगरकडच्या गावांमधला कापूस परतवाड्याच्या बाजारात येतो आहे, तो एकगठ्ठा उचलावा, असं ओमप्रकाशने ठरवलं होतं. गुहा थोडी वाकडी वाट करून गेलं की लागत होती. महादेवराव घरी येऊन म्हणाला, "चाल बाई, तुले दुधखोरी दाखवतो," आणि त्याला स्वतःलाच फार बरं वाटलं.

बाईने तिखट पोळ्या केल्या, जवसाची चटणी कुटली. बैलांच्या हलक्या दमणीत गवताची गादी घालून तिला बसवलं. वाटेत पहिल्यांदा डोंगरांची निळी रेघ दिसली तेव्हा तिने माणिकबाईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

गुहा दाखवायचं काम ताहेर करायचा. त्याचं घराणं चुना भाजणारं. त्याच्या आजाने भट्टीसाठी दगड शोधताना या टेकडीला हात घातला, आतली कारागिरी पाहिली आणि ही टेकडी फोडायची नाही असं पोरांना बजावून ठेवलं. पुढे परतवाड्याच्या छावणीतले साहेब आणि त्यांच्या मडमा गुहा पाहायला येऊ लागल्या. ताहेरने भट्टी भावाला दिली आणि आपण हातात टेंभा घेतला. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस होता, बोलणं मऊ. त्याने बाई, महादेवराव, माणिकबाई आणि सोबत आलेला ओमप्रकाश अशा चौघांना गुहेच्या तोंडातून आत नेलं.

पहिलं दालन देवळाच्या सभामंडपाएवढं होतं. बाहेरचा उजेड तिथवर यायचा. भिंती कोरड्या, धुरकट, पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं. पलीकडच्या टोकाला जमिनीलगत एक भोक होतं. त्यातून पोटावर सरपटत जायचं आणि मग सागाच्या शिडीने खाली उतरायचं, तेव्हा खरी गुहा सुरू व्हायची.

ताहेरने बाईची काठी पाहिली, तिचं चालणं पाहिलं.

"मावशी, तुमच्यानं इथून होनार नाई," तो म्हणाला.

बाई त्या भोकाकडे पाहत उभी राहिली.

"दुसरी वाट हाय," ताहेर महादेवरावाकडे वळून म्हणाला. "टेकडीले वळसा घालून मागून चढलं की वरून एक तोंड हाय. आत सरळ उतार हाय, बाया कडेवर लेकरं घेऊन जातात. पन तिथं गाडी न्यायले येळ लागते, आज ऊन कललं. माह्या घरी मुक्काम करा. सकायी मावशीले पार आतल्या दरबारापोतर नेतो."

महादेवरावाने ओमप्रकाशकडे पाहिलं.

"सकाळी आपण परतवाड्यात नसलो तर माल दुसरा उचलेल," ओमप्रकाश म्हणाला. "मग मला बोल लावू नका."

महादेवराव बाईजवळ गेला.

"बाई, तू बस इथं. आमी पाहून लगेच येतो. पुढच्या साली खास तुह्यासाठी येऊ, वरच्या वाटेनं."

"मी थांबते बाईजवळ," माणिकबाई म्हणाली.

"नाई, तू जाय," बाई म्हणाली. "जाय, अन् नीट पाह्य."

ताहेरने तिला एका सपाट दगडावर बसवलं आणि शेजारी तेलाचा दिवा लावून ठेवला. चौघं एकामागून एक भोकातून आत गेले. महादेवरावाने वळून पाहिलं नाही, कारण त्या भोकात वळायला जागाच नव्हती.

आत गेल्यावर ताहेर जागोजागी थांबायचा आणि टेंभा असा काही धरायचा की नुसता दगड वाटणारी गोष्ट एकदम काहीतरी होऊन उभी राहायची. एक हत्ती होता. डोक्यावरून पदर घेतलेली नवरी होती. एका छतावरून शेवया वाळत घातल्यासारख्या पांढऱ्या बारीक कांड्या लोंबत होत्या. माणिकबाई प्रत्येक ठिकाणी थांबायची. मागून दोघं पुरुष बोलत येत होते. डोंगरकडच्या कापसाचा धागा आखूड असतो, त्यात सरकी फार राहते, मुंबईला तो कशात मिसळून पाठवावा, असं ते बोलणं होतं.

सगळ्यांत आतल्या मोठ्या दालनाला ताहेर दरबार म्हणायचा. तिथे त्याने सगळ्यांना उभं केलं.

"आता मी उजेड झाकतो," तो म्हणाला. "कोनी बोलू नोका. फकस्त आयका."

त्याने टेंभा मडक्याखाली झाकला. काळोख झाला. माणिकबाईने श्वास रोखला. कुठेतरी पाण्याचा एक थेंब पडला. ती दुसऱ्याची वाट पाहत होती, तेवढ्यात महादेवराव म्हणाला,

"ओमप्रकाशजी, पन अचलपूरवाल्यानं आधीच बोली केली असली तर?"

ओमप्रकाशने उत्तर दिलं. मग महादेवराव बोलला. ताहेर थोडा थांबला, आणि त्याने टेंभा पुन्हा उघडला.

ते परत आले तेव्हा बाई त्याच दगडावर, त्याच जागी बसली होती. शेजारचा दिवा विझला होता. बाहेरचा उजेडही मावळत आला होता.

"कसं होतं रे, महादू?"

"काई नाई बाई," महादेवराव कपडे झटकत म्हणाला. "नुसते दगड. तू उगीच जिवाले लावून घेतलं होतं. इथं बसली तेच बरं झालं."

हे त्याने मायेनेच म्हटलं होतं. तिला चुकल्यासारखं वाटू नये म्हणून. बाईने मान हलवली आणि उठायला हात पुढे केला. त्याने तिला दमणीपर्यंत आधार देत नेलं. निघताना ताहेरला म्हणाला, "पुढच्या साली येतो. बाईले घेऊन."

परतवाड्याचा माल मिळाला.

पुढच्या साली महादेवरावाने नवं घर बांधायला काढलं. परतवाड्याहून सागाच्या तुळया आल्या, त्यांच्यामागे तो स्वतः जाऊन आला, पण बाईला न्यायची ती वेळ नव्हती. भाव अजून चढेल म्हणून त्याने दोन हंगामांचा कापूस विकला नाही. नव्या घराच्या खोल्या आढ्यापर्यंत रुईने भरल्या. माणसं ओसरीत झोपू लागली. मग अमेरिकेतली लढाई थांबली. ती बातमी बोरखेडला पोचेपर्यंत भाव कोसळलेला होता, आणि त्या भरलेल्या खोल्यांकडे पाहायचंही कोणाला नको झालं. ओमप्रकाशने आपलं अंग काढून घेतलं आणि पुढे नव्याने आलेल्या आगगाडीच्या मागे धामणगावकडे गेला. महादेवरावाचं घर तरलं ते विहिरीजवळच्या ज्वारीवर.

आता त्याच्यापाशी वेळच वेळ होता. दोन दिवसांत दुधखोरीला जाऊन येता आलं असतं. पण परतवाड्याच्या वाटेवर ओळखीची माणसं भेटतील, रामराम करतील, कापसाचं विचारतील, या विचाराने त्याचा पाय निघत नसे. दिवाळी झाली, बाईने विचारलं नाही. त्याला वाटलं, विसरली. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तिने विचारलं नाही, आणि तेव्हा त्याला ती विसरली नाही हे कळलं. तरी तो गेला नाही. का गेला नाही, हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही.

त्या हिवाळ्यात बाईला ताप येऊ लागला आणि उतरेना. अकोल्याचे हकीम येऊन पुड्या देऊन गेले. कंबर तर आता खाटेवर कूस बदलतानाही दुखायची. एक दिवस दुपारी महादेवराव तिच्या खाटेजवळ बसला होता. बाहेर माणिकबाई तुरीच्या शेंगा फोडत होती. बाई डोळे मिटून पडली होती. तिने डोळे न उघडताच विचारलं,

"महादू, त्या गुहेत काय होतं रे?"

तो दचकला. "गुहेत ना," तो म्हणाला. "हत्ती होता. दगडाचा."

"केवढा?"

"मोठा होता."

"सोंड वर होती का खाली?"

त्याने आठवून पाहिलं. हत्ती आठवत होता कारण ताहेरने 'हत्ती' म्हटलेलं आठवत होतं. सोंड आठवेना.

"वर होती," तो म्हणाला.

"अन् आत पानी पडते म्हने. त्याचा आवाज कसा येते?"

बाईने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. लहानपणी तो खोटं बोलायचा तेव्हा ती अशीच पाहायची आणि तो आपसूक खरं सांगेपर्यंत काही म्हणायची नाही.

"मले नाई ठाऊक, बाई," तो शेवटी म्हणाला. "मी पाह्यलंच नाई. मी बोलत होतो."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने घोडी काढली. माणिकबाईला एवढंच म्हणाला, "दुधखोरीले जाऊन येतो. बाईजवळ राह्य." माणिकबाईने भाकरी बांधून दिली.

वाटेत ओळखीची माणसं भेटली. रामराम झाला. कोणी कापसाचं विचारलं नाही. कापसाने सगळ्यांनाच बुडवलं होतं.

ताहेर त्याच्या झोपडीपुढे टेंभ्याला चिंध्या गुंडाळत बसला होता. महादेवराव घोडीवरून उतरला तेव्हा त्याने डोळे बारीक करून पाहिलं.

"तुमी त्या मावशीवाले ना?"

"व्हय."

"मावशी नाई आनली?"

"तिच्यानं आता येववत नाई."

ताहेरने मान खाली घातली. "त्याच्या पुढच्या साली मी वरच्या वाटेवरचे काटे तोडले होते," तो म्हणाला. "तुमी येतो म्हनले होते ना. पुढं पावसात पुन्हा वाढले. बरं, चाला. शिडीनं जायचं का?"

"नाई. वरच्या वाटेनं."

टेकडीला वळसा घालून ते मागच्या बाजूने चढले. चढ असा नव्हताच. कडेला काटे वाढले होते, तरी गाडीवाट पार तोंडापर्यंत जात होती. आत मऊ मातीचा उतार होता, पिढ्यान्‌पिढ्या गुराढोरांनी, माणसांनी तुडवून घोटीव झालेला. महादेवराव भिंतीला हात लावत, मुद्दाम सावकाश, काठीवर भार दिल्यासारखा चालला. एका ठिकाणी तेवढं वाकावं लागलं, तेही थोडंसं. बाईला इथे डोक्यावर हात ठेवून म्हणावं लागलं असतं, सांभाळ गं. बाकी सगळ्या वाटेवर तिला कोणाच्या आधाराची गरज पडली नसती. दरबार यायला त्याला वाटला होता त्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

"एवढीच?" त्याने विचारलं.

"एवढीच," ताहेर म्हणाला.

तो एका दगडावर बसला. ताहेर त्याला पुढे चला म्हणाला नाही, नावंही सांगेना. टेंभा घेऊन तो नुसता हिंडत राहिला, आणि महादेवराव पाहत राहिला. हत्तीची सोंड खाली होती. ती जमिनीला टेकली होती, त्यावरून ओल चकाकत होती. नवरीचा पदर इतका पातळ दगडाचा होता की ताहेरने मागे टेंभा धरल्यावर उजेड आरपार आला आणि पदरातल्या तांबूस रेघा दिसल्या, इरकली काठासारख्या. तिच्या मागे गुडघ्याएवढा एक दगड होता. एक अख्खी भिंत फुटलेल्या बोंडांची होती, पांढरी, खरखरीत, माघातल्या वावरासारखी. मागच्या खेपेला त्याच भिंतीसमोर तो कापसाबद्दलच तर बोलत उभा होता, आणि त्याने ती पाहिली नव्हती.

दालनाच्या मधोमध छतावरून एक निमुळता दगड खाली आला होता, आणि बरोबर त्याच्या खाली जमिनीतून दुसरा वर आला होता. दोघांच्या टोकांमध्ये वीतभर जागा होती.

"वरच्यातून थेंब पडते, खालचा वाढते," ताहेर म्हणाला. "माह्या आजानं पाह्यलं तवाही एवढंच अंतर होतं. बापानं पाह्यलं तवाही एवढंच."

"उजेड झाक," महादेवराव म्हणाला.

ताहेरने टेंभा झाकला. काळोख डोळ्यांना टेकला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग थेंब पडला. त्याला वाटलं होतं तसा तो आवाज टपकन नव्हता. तो बारीक होता, घागरीच्या काठाला नख लागावं तसा, आणि पडल्यावर दालनात कुठेतरी दूर जाऊन मग विरला. मग पुन्हा काही नाही. दुसरा पडेल की नाही असं वाटायला लागलं तेव्हा दुसरा पडला. महादेवराव ऐकत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या काळोखात ते पुसायची गरज नव्हती.

तो घरी परतला तेव्हा बाई जागी होती. अंगाची धूळही न झटकता तो तिच्या खाटेजवळ खाली बसला आणि सांगू लागला. सगळं सांगितलं. सोंड खाली आहे हे सांगितलं. पदराच्या रेघा सांगितल्या, बोंडांची भिंत सांगितली, वरचा दगड आणि खालचा दगड आणि मधली जागा सांगितली. थेंबाचा आवाज सांगताना त्याने कोपऱ्यातली घागर ओढून तिच्या काठाला नख लावून दाखवलं. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा लावलं. बाई हसली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

"अन् नवरीच्या मांगं करवली हाय ना?" तिने विचारलं. "बुटकीशी?"

"हाय," तो म्हणाला आणि थांबला. त्याने ती सांगितली नव्हती. "तुले कसं ठाऊक?"

"माणिकनं सांगतलं. तवाच, परतीच्या वाटेवर दमनीत सांगतलं. मंग रेच्यावर बसलो की सांगायची. मीच म्हनायची, पुन्हा सांग. आता पाठ झालं मले."

महादेवरावाने दाराकडे पाहिलं. माणिकबाई उंबऱ्याशी उभी होती. ती आत वळून निघून गेली.

"मंग मले काऊन विचारलं, बाई?"

तिला धाप लागत होती.

"तू गेला होता ना तिथं," ती म्हणाली. "मले वाटे, तुले दिसलंच नाई. एवढं दूर जाऊन माह्या महादूले काई दिसलं नाई, हे बरं नोतं वाटत."

तो खाली मान घालून बसला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. हात हलका झाला होता, नुसती हाडं.

"मी तिथं बसली होती तवा तुहा आवाज येत होता," ती म्हणाली. "दगडातून कसा येते कोन जाने. माणिकचा नाई आला, त्या ताहेरचा नाई आला. तुहाच येत होता. सरकीचं काईतरी बोलत होता तू."

"बाई, नको," तो म्हणाला.

"अरे, तसं नाई. दिवा विझला होता ना माहा. भेव वाटत होतं. मंग तुहा आवाज आला तवा म्हनलं, हाय महादू जवळच. मंग नाई वाटलं भेव."

महादेवरावाने तिच्या खाटेच्या लाकडी गातावर कपाळ टेकलं. थोड्या वेळाने तिला झोप लागली, तरी तो तसाच बसून राहिला.

माघ संपता संपता बाई गेली. शेवटचे दिवस ती फारशी शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर असली की पाणी मागायची, नाहीतर माणिकबाईला हाक मारायची. गुहेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. महादेवराव मात्र रोज जवळ बसायचा. कधी काही सांगावंसं वाटायचं, पण सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घर मोठं होतं आणि त्यातल्या अर्ध्या खोल्यांमध्ये अजून जुन्या रुईचा वास होता. एका दुपारी माणिकबाई ओसरीत सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. रेचा तिच्या बाजूला भिंतीशी लावून ठेवलेला होता. महादेवराव येऊन तिच्यासमोर बसला. असा तो कधी बसत नसे, म्हणून तिने हात थांबवून पाहिलं.

"काई पाह्यजे का?"

"नाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुले कुठं जायचं हाय का? कुठंही. काई पाहाचं राह्यलं असन तर सांग. जाऊ आपून."

माणिकबाई त्याच्याकडे पाहत राहिली. लग्न होऊन ती या घरात आली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती, आणि हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने सुपातले दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले.

"आता कुठं जायचं," ती म्हणाली. "नाई. मले नाई कुठं जायचं."

ते खरं होतं की नाही, हे महादेवरावाला कळलं नाही. विचारावं असं त्याला वाटलं, पण कसं विचारावं ते सुचेना. ती पाखडत राहिली. तो उठून गेला नाही. सुपातली तूर संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला, आणि ती दुसरं सूप भरायला उठली तेव्हा तिच्या हातून सूप घेऊन त्यानेच कोठीतून तूर आणली.